पालथे काढलेले डॉल्फिन

वडगाव, बेळगाव
शुक्रवार, ता. ७ मार्च २०२५

चि. नीलम हिला आक्काचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडे कारवारात बरी असशील असं धरून चालते. बुधवारीच आपण फोनवर अर्धा तास बोललो आणि आज हे एवढं लांबलचक पत्र, म्हणजे तू म्हणशील आक्काला झालंय तरी काय. झालंय ते सांगणारच आहे, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे. फोनवर मला जमत नाही. माग चालू असले की काही ऐकू येत नाही आणि बंद असले की आप्पा शेजारी येऊन बसतात, "स्पीकर कर गं जरा" म्हणतात. साईनाथ उद्या सकाळी साड्या घेऊन कारवारच्या दुकानात जाणार आहे. त्याच्या हाती ही गुंडाळी देते. आत ग्राफचे कागद आहेत. ते लगेच उघडू नकोस, आधी पत्र वाच.

घरचं म्हणशील तर आईचा गुडघा पुन्हा धरलाय. तेल लावून चालते, डॉक्टरकडे चल म्हटलं की चालणं अचानक सुधारतं. तुझ्या दाजींनी दुसऱ्या मागाची मोटर बदलून घेतली. शेजारच्या राजाबाईंनी तुझी चौकशी केली. तू दिवाळीत त्यांच्या गालावरचे देवीचे वण इतकं जवळ जाऊन बघितलेस, ते त्या अजून सगळ्यांना सांगतात.

आणि तुझी बातमी. म्हणजे पेपरातली. आप्पांनी ते कात्रण लॅमिनेट करून शेडच्या दाराशी लावलंय. सूत घेऊन येणारा, साडी बघायला येणारं गिऱ्हाईक, लाईटचं मीटर वाचायला येणारा, कुणी सुटत नाही. "ही माझी धाकटी. समुद्रातल्या डॉल्फिनास्नी देवीसारखा रोग आलाय, ते हिनं हुडकून काढलंय." मीटरवाल्याला मराठी येत नाही, त्याला तेच सगळं कन्नडमध्ये सांगतात. फोटोत तू होडीत उभी आहेस, लाईफ जॅकेट घालून. छान दिसतेस. केस कापलेस ते आम्हाला पेपरातूनच कळलं.

खरं सांगू? ते कात्रण मी पहिल्यांदा वाचलं ते माझं नाव शोधत. पूर्ण वाचून झालं, पुन्हा वरपासून सुरुवात केली. "कुटुंबीयांच्या मदतीने" एवढं सापडलं. कुटुंबीय म्हणजे कोण? आप्पा, आई, दाजी, का मागाची मोटर? आणि पुढं लिहिलंय, "लहानपणी मागावर बसून ठिपके मोजायची सवय लागली, तीच आज कामी येते, असे नीलम सांगतात." नीलम, तू मागावर कधी बसलीस गं? कानात बोटं घालून शेडमधून पळायचीस. अभ्यास होत नाही म्हणून मावशीकडे बेळगुंदीला जाऊन राहायचीस. ठिपके मी मोजत होते. बारा वर्षांची असल्यापासून, आप्पांच्या मांडीला मांडी लावून.

त्याच्याही खाली एक ओळ आहे. "या पिल्लाचे नाव मी कोयरी ठेवले." मी म्हणजे तू. ती ओळ वाचल्यावर मी कात्रण आप्पांच्या हातात परत दिलं आणि चहा ठेवायला गेले. चहात साखर घालायची राहिली.

माझ्यावर काही अन्याय झाल्याचा आव आणत नाही. मला कुणी शिकू दिलं नाही असं नाही. बारावीला केमिस्ट्रीत मी नापास झाले, पुन्हा बसायला आप्पा हो म्हणत होते, मीच नको म्हटलं. मला ग्राफ आवडायचे. आप्पा यायच्या-जायच्या माणसाला सांगायचे, "भाग्याचा डोळा लई बारीक. एक चौकट चुकायची न्हाय." सतरा वर्षं मी ते ऐकत काढली. आता आप्पा तेच वाक्य तुझ्यासाठी म्हणतात, शब्दन् शब्द तेच, फक्त नाव बदललंय. मला ते सहन होत नाही.

दिवाळीचे चार दिवस मात्र मला खूप आवडले होते. हे तुला कधी बोलले नाही. तू त्या डॉल्फिनच्या फोटोंचे मोठे कागद घेऊन आलीस, फराळाचं ताट बाजूला सारून जमिनीवर पसरलेस. पाण्याची चमक, धुरकट पाठी, त्यावर राखाडी चट्टे आणि चट्ट्यांत सुई टोचल्यासारखे काळे ठिपके. तू म्हणालीस, याला गोंदण-रोग म्हणतात, देवीच्या विषाणूच्या भाऊबंदांपैकी एक विषाणू आहे. पिल्लांना जास्त होतो, बहुतेक मरत नाहीत, पण मोठ्या डॉल्फिनमध्येही वाढायला लागला तर समजायचं की त्या पाण्यात काहीतरी बिघडलंय. आप्पा म्हणाले, "माशालाबी देवी येत्यात व्हय गं?" तू म्हणालीस, "आप्पा, मासा नाही तो, पिल्लाला दूध पाजतो."

तुझी अडचण अशी होती की आज दिसलेला डॉल्फिन तीन महिन्यांपूर्वीचाच का, हे कळत नव्हतं. फोटोत ऊन असतं, पाणी असतं, चट्टे एकसारखे वाटतात. मी म्हटलं, ठिपके ग्राफवर उतरव, साडीवरची बुट्टी उतरवतो तशी. एक ठिपका, एक चौकट. मग दोन कागद शेजारी ठेवून मोज. तू माझ्याकडे असं बघितलंस की मला अजून ते आठवतं. तुझ्याकडून तशी नजर मला आधी कधी मिळाली नव्हती.

चार दिवसांत नऊ डॉल्फिन काढले. तू शेजारी बसून सांगत होतीस, हे दाताचे ओरखडे, सोड. ही जाळ्याची जखम, सोड. ही चामखीळ, तो वेगळा विषाणू, वेगळ्या कागदावर घे. हे गोंदण, हे काढ. त्यातल्या पिल्लाचा चट्टा कल्ल्यामागं, (कल्ला म्हणू नको, पर म्हण, म्हणून ओरडली होतीस) बारीक शेपटी वळवलेल्या कोयरीसारखा होता. मी म्हटलं, "ही बघ, साडीच्या काठावरची कोयरीच." तू टाळ्या वाजवल्यास. तेव्हापासून ती कोयरी.

संक्रांतीनंतर तू दुसरा गठ्ठा पाठवलास. आठ डॉल्फिन. मी एकटीनं काढले, मागावर ऑर्डर चालू असताना, दुपारच्या वेळात. पक्के ग्राफ तुला पोस्टानं पाठवले, कच्चे दिवाळीच्यासारखेच माझ्याकडे ठेवले. फेब्रुवारीत तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज चढलेला होता. आठांपैकी एकही पहिल्या नवांशी जुळत नाही. म्हणजे आठही नवे आजारी. नवाचे सतरा झाले, आणि पहिले नऊ कुठं दिसतच नाहीत, बहुतेक मेले असणार. मग पेपरात बातमी झाली, फोटो झाला, तुझ्या सरांनी कोचीच्या परिषदेत तुझं नाव घातलं.

आता साडीचं सांगते. समाजाच्या मंडळानं ठरवलंय, तू कोचीहून आलीस की वडगावात तुझा सत्कार करायचा. आप्पा मला म्हणाले, "भाग्या, धाकटीला आपल्याच मागावरची साडी देऊया. पदरावर डॉल्फिन काढ की चार." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या डोळ्याचं कौतुक माझ्याकडून काढून तिला दिलं, त्याच डोळ्यानं मी तिच्यासाठी साडी काढायची. मनातल्या मनात मी आप्पांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पदराचा ग्राफ काढत होते. आप्पा मागं येऊन उभे राहिले आणि नेहमीचं विचारलं, "उलटं काढलीस न्हवं?"

"व्हय आप्पा."

"मग हरकत न्हाय."

हे तुला माहीत नसेल. मागावर बसली असतीस तर माहीत असतं. आपल्याकडं साडी पालथी विणतात. उजवी बाजू खाली जाते, उलटी बाजू विणणाऱ्याच्या तोंडासमोर असते. म्हणून डावीकडं तोंड केलेला मोर हवा असेल तर ग्राफवर तो उजवीकडं तोंड करून काढायचा. आरशात दिसतो तसा. कुणी सांगावं लागत नाही. इतक्या वर्षांत हात आपोआप तसा जातो, मला कळतही नाही.

मला कळतही नाही, हेच मी आप्पांना हसत म्हणणार होते, तेवढ्यात मला जानेवारीतले आठ डॉल्फिन आठवले.

आप्पा गेल्यावर मी ट्रंकेतून कच्चे ग्राफ काढले. दिवाळीत तू शेजारी बसली होतीस, बोट ठेवून सांगत होतीस, म्हणून ते नऊ सरळ निघाले होते. जानेवारीतले आठही पालथे. फोटोत डोकं डावीकडं, माझ्या ग्राफवर उजवीकडं. डाव्या अंगावरचे चट्टे मी आठही डॉल्फिनना उजव्या अंगावर दिले होते. लाईट गेली होती, माग बंद होते. मी एकेक कच्चा कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला आणि खाली दिवाळीचा कागद लावला. चट्टे बारीक झाले होते, पण उरलेल्या ठिपक्याला ठिपका लागत गेला. आठांपैकी सात जुनेच निघाले, नीलम. नवा फक्त एक आहे.

सतरा नाहीत. दहा आहेत.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी आज सकाळपासून तीन कागद फाडले. मला आधी भीती वाटली, हे खरं. पण ती थोडा वेळच. नंतर मला बरं वाटलं. बरं म्हणजे आनंदच झाला. चूक माझी होती, पण त्यावर नाव तुझं होतं. पेपरात माझं नाव न घातल्यामुळं चुकीतही माझं नाव कुठं नव्हतं. मी डोळ्यांसमोर आणलं, तू कोचीला मोठ्या पडद्यासमोर उभी आहेस, आणि समोरून कुणीतरी हुशार माणूस उठून म्हणतोय, बाई, हा तर तोच डॉल्फिन आहे, उलटा. तुझा चेहरा कसा होईल तेही मी बघून घेतलं. आप्पा कात्रण काढतील का ठेवतील, याचाही विचार केला. आणि कागद ट्रंकेत टाकून पुन्हा तुझ्या पदराचे डॉल्फिन काढायला बसले. त्या दिवशी माझा हात फार छान चालला.

असे दहा दिवस गेले. त्यात तुझे दोन फोन आले. पहिल्या फोनला मी तुला विचारलं होतं, "मूळ फोटो परत बघितलेस का गं?" एवढंच. माझी वाट मोकळी करून ठेवली, म्हणजे उद्या म्हणता यावं की मी विचारलं होतं. तू हसलीस. "फोटो कशाला परत बघू? आक्काचा ग्राफ आहे ना." मला तेव्हाच सांगता आलं असतं. तू मला भाव देतेस का राबवून घेतेस, हेच मी ठरवत बसले.

आणि मग परवाचा, बुधवारचा फोन.

तू रडलीस. तुला वाटलं असेल मला कळलं नाही, पण कळलं. तू म्हणालीस, "आक्का, कोयरी मेली गं. तिच्याएवढंच दुसरं एक पिल्लू आहे, तसाच चट्टा, पण उजव्या अंगावर. तेरा नंबर. तो ग्राफ बघितला की मला कोयरीच आठवते. मी तो कागद खाली घालून ठेवते." आणि मी काय म्हणाले? "असू दे गं. जनावराचं असंच असतं."

असू दे गं म्हणाले मी. शेजारच्या ट्रंकेत ते कागद होते, आणि मला माहीत होतं की तेरा नंबर म्हणजेच कोयरी आहे. ती जिवंत आहे, तिच्या आईच्या बाजूलाच पोहतेय, आणि तू तिचाच कागद खाली घालून तिच्यासाठी रडतेस. मला रागही आला. वाटलं, नाव मी ठेवलेल्या पिल्लासाठी ही कोण रडणार? इतकी मी खाली गेले होते, हे तुला माहीत असावं.

फोन ठेवल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हणत्या धाकटी?" मी म्हटलं, "रडत होती." आप्पा म्हणाले, "समुद्राजवळ एकटी पोरगी, रडंल की." आणि बाहेर जाऊन बसले. कात्रण त्या दिवशी त्यांनी कुणाला दाखवलं नाही. मी काल आणि आज, दोन दिवस माग बंद ठेवून बसले. दाजींनी कारण विचारलं नाही. आठही ग्राफ पुन्हा काढले. सरळ. प्रत्येक चौकट दोनदा मोजली, फोटो समोर ठेवून, डाव्या अंगाला डावं अंग.

आता गुंडाळी उघड.

प्रत्येक कागदावर जुना नंबर आणि नवा नंबर दोन्ही लिहिलेत. फोटोही मागं टाचलेत, मूळ फोटोंशी तूच ताडून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. दिवाळीच्या नवांपैकी दोन खरंच दिसलेले नाहीत, त्यांचं मला सांगता येणार नाही. सात आहेत. त्या सातांतल्या पाचांचे चट्टे बारीक झालेत. कोयरीचा चट्टा दिवाळीत दोनशे चौदा चौकटी होता, जानेवारीत एकशे सहा. निम्मा झाला गं. शेपटी तर पुसतच आलीय. बाकी दोघांचे आहेत तेवढेच आहेत. कुणाचाच वाढलेला नाही. तू सांगितलेलं जेवढं माझ्या डोक्यात शिरलंय त्यावरून मला वाटतं हे बरे होत चाललेत. पण त्याचा अर्थ लावणं तुझं काम, ते मला येत नाही आणि त्याचाही मला हेवा वाटतो.

तू चौदाला कोचीला निघणार. हातात सहा दिवस आहेत. सतराची बातमी मोठी होती, दहाची लहान आहे, हे मला कळतं. दहाच्या बातमीला पेपरवाले फोटो छापणार नाहीत. तुझे सर काय म्हणतील ठाऊक नाही. कदाचित तुला बोलू देणार नाहीत. ते माझ्यामुळं होईल, आणि हाताच्या सवयीनं झालं तेवढंच असतं तर मी माफी मागून मोकळी झाले असते. पण मी दहा दिवस गप्प बसले, तेव्हा हाताची सवय नव्हती.

माफी मागत नाही. मागितली की तू "असू दे आक्का" म्हणशील आणि मला ते नको आहे. तू रागाव. फोन करून ओरड, आप्पा शेजारी असले तरी ओरड, मी स्पीकर करीन. आप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. तुला सांगितल्याशिवाय त्यांना सांगायचं नाही असं ठरवलंय, कारण त्यांना आधी सांगितलं असतं तर ते मला म्हणाले असते, "राहू दे, पोरीचं नाव खराब व्हईल," आणि मी खुशीनं ऐकलं असतं.

आणि हे पत्र लिहून माझा हेवा गेला असं समजू नकोस. आत्ताही लिहिताना वाटतंय की तू होडीत उभी राहणार, मी पाटावर बसणार. तो आहे, त्याचं काय करायचं ते मी बघीन.

एक मात्र मागते. कोचीला उभी राहिलीस, तर चूक कशी झाली ते लोक विचारतील. तेव्हा "घरच्यांच्या मदतीत गडबड झाली" असं मोघम सांगू नकोस. साडी पालथी विणतात, विणणारीचा हात उलटा चालतो, तिनं आठ ग्राफ उलटे काढले, तिनंच ते शोधलं आणि दहा दिवस लपवलं, असं सगळं सांग. त्या दहा दिवसांसकट. आणि नाव विचारलं तर पूर्ण नाव सांग. चांगल्या कामाखाली घातलं नाहीस, त्याचं भांडण आपण नंतर घरी करू. या चुकीखाली मात्र मला माझं नाव हवं आहे, नीलम. दुसऱ्या कुणाचं नको, तुझंही नको.

आठ उलटे आणि आठ सरळ ग्राफ काढणारी,
भाग्यलक्ष्मी नागेंद्र तारळेकर